जुनाट कंबरदुखीच्या चाचणीत प्लासिबो कुठला घ्यायचा?

वेलांटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी एक चाचणी आखते आहे आणि एका ठिकाणी अडकले आहे. ज्यांची कंबर तीन महिन्यांहून जास्त काळ दुखते, पण तपासणीत फ्रॅक्चर, संसर्ग, गाठ, नस दबणं असलं काही ठोस सापडत नाही, अशा लोकांना मणक्याच्या मोबिलायझेशनचा (मणक्यावर हाताने लयीत दिलेला दाब) फायदा होतो का, एवढाच प्रश्न आहे. एका गटाला मोबिलायझेशन मिळेल. दुसऱ्याला प्लासिबो म्हणून, म्हणजे खऱ्यासारखा वाटणारा पण परिणाम अपेक्षित नसलेला उपचार म्हणून, काय द्यायचं?

गाईड म्हणतात, बंद अल्ट्रासाऊंड दे. यंत्राचे दिवे लागतात, जेल लावायचं, प्रोब कंबरेवर फिरवायचा, फक्त लहरी सोडायच्या नाहीत. पूर्वापार हेच करतात आणि एथिक्स कमिटीलाही चालतं. मला पटत नाही. एका गटाला वीस मिनिटं माणसाचा हात आणि दुसऱ्याला यंत्र. फरक दिसलाच तर तो मोबिलायझेशनचा म्हणायचा की नुसत्या हाताचा?

ज्यांनी चाचण्या केल्या आहेत आणि ज्यांच्यावर झाल्या आहेत, दोघांचंही ऐकायचं आहे.

मधली सुट्टी

बंद यंत्राने माझी कंबर बरी होईल का माहीत नाही. चालू यंत्राने झाली नव्हती एवढं नक्की. (हलके घ्या.)

शून्यगृहीतक

चांगला प्रश्न. हा बहुतेक वेळा चाचणी संपल्यावर विचारला जातो. माझं पोट आकडेमोडीवर चालतं, तेव्हा त्या बाजूने लिहितो.

प्लासिबो गटातली माणसं बरी होतात ती सगळी प्लासिबोमुळे, असा एक सरसकट समज आहे. जुनाट कंबरदुखीत तर तो फारच फसवतो. हे दुखणं चढतं-उतरतं. माणूस चाचणीत नाव कधी घालतो? फार दुखत असतं तेव्हा. म्हणजे आपण त्याला शिखरावर पकडतो, आणि शिखरावरून पुढचा रस्ता बहुधा खालीच जातो. काहीही दिलं नाही तरी महिन्याभराने आकडा कमी दिसेल. त्यात भर म्हणजे कोणीतरी लक्ष देतंय याचा परिणाम, बरं वाटेल या अपेक्षेचा परिणाम, आणि एवढं करताहेत तर वाईट कशाला सांगा म्हणून भिडेखातर दिलेला कमी आकडा. हे सगळं त्या गटाच्या सरासरीत मिसळलेलं असतं. ह्रोबियार्टसन आणि गोएत्शे यांनी २००१ साली ११४ चाचण्या तपासल्या. प्लासिबो दिलेला आणि काहीच न दिलेला, असे दोन्ही गट असलेल्या चाचण्याच त्यांनी घेतल्या होत्या. प्लासिबोचा दबदबा बराच ओसरला. वेदनेसारख्या माणसाने स्वतः सांगायच्या गोष्टींत थोडा परिणाम उरला.

म्हणून कंट्रोल (तुलनेच्या गटाला द्यायचं ते) निवडण्याआधी एक वाक्य लिहा: 'मला अमुक एक गोष्ट वजा करायची आहे.' बाकी सगळं दोन्ही गटांत सारखं राहिलं पाहिजे. बंद अल्ट्रासाऊंडने तुम्ही हात, दाब, लय, तुमची उपस्थिती, इतकं सगळं एका फटक्यात वजा करताय. तुमची शंका रास्त आहे.

सुईदोरा

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण वजाबाकी दिसते तेवढी सोपी नाही. मी एक्यूपंक्चर करते. आमच्या क्षेत्रात या वजाबाकीनेच पन्नास वर्षं भांडणं लावली आहेत.

जर्मनीतली जेरॅक चाचणी घ्या, २००७ सालची. ११६२ रुग्ण, सगळे जुनाट कंबरदुखीचे. एका गटाला शास्त्रोक्त एक्यूपंक्चर, दुसऱ्याला लुटुपुटूचं (सुया खऱ्याच, पण वरवर आणि शास्त्रात ठरलेले बिंदू सोडून इतरत्र), तिसऱ्याला औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम असा नेहमीचा उपचार. सहा महिन्यांनी पुरेसा फरक पडलेले लोक अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के.

आता सांगा, एक्यूपंक्चर हरलं की जिंकलं?

कोरडा पाषाण

हरलं. सुई कुठेही टोचा, निकाल तोच. मग बिंदू, वाहिन्या, पाच वर्षांचं शिक्षण कशासाठी?

सुईदोरा

@कोरडा पाषाण, आणि नेहमीचा उपचार? तो लुटुपुटूच्या सुईपुढेही टिकला नाही. त्याच्या शिक्षणाला किती वर्षं लागतात?

मधली सुट्टी

१-० 😀

शून्यगृहीतक

थांबा, दोघांनाही थोडं अडवतो.

सुईदोरा, तिसऱ्या गटाला आपल्याला काय मिळतंय ते माहीत होतं. हे लोक सुयांच्या आशेने आलेले. वर्षानुवर्षं जे करून कंटाळले तेच पुन्हा वाट्याला आलं. त्या २७ टक्क्यांमध्ये हिरमोड किती आणि उपचाराचं अपयश किती, हे त्या आराखड्यातून वेगळं काढता येत नाही. पहिल्या दोन गटांना आपण कुठल्या गटात हे माहीत नव्हतं, तिसऱ्याला होतं. तेव्हा ४४ विरुद्ध २७ ही तुलना ४७ विरुद्ध ४४ इतकी स्वच्छ नाही.

कोरडा पाषाण, तुम्ही बिंदूंबद्दल जे म्हणालात ते या आकड्यांवरून म्हणता येतं. सुई टोचण्याबद्दल म्हणता येत नाही, कारण सुई दोन्हीकडे होती.

ही अडचण ओळखून अमेरिकेत चेर्किन आणि मंडळींनी २००९ साली सुईच वगळली. दातकोरणी घेतली! सुईची नळी पाठीला टेकवायची, आतून दातकोरणीने टोचल्याचा भास द्यायचा, मग ती किंचित फिरवायची. रुग्ण पालथा झोपलेला, त्याला दिसत नाही. ६३८ लोक. रोलँड-मॉरिस नावाची एक प्रश्नावली आहे, कंबरेमुळे रोजच्या कामात काय काय अडतं ते मोजणारी. आठ आठवड्यांनी ती खऱ्या सुयांच्या दोन गटांत ४.४ आणि ४.५ ने सुधारली, दातकोरणीच्या गटात ४.४ ने, आणि नुसत्या नेहमीच्या उपचाराच्या गटात २.१ ने.

कोरडा पाषाण

म्हणजे आता टोचायचीही गरज नाही. माझं म्हणणं आणखी पक्कं झालं, आभारी आहे.

सुईदोरा

दातकोरणीचा दाब त्याच बिंदूंवर दिला होता, हे सोयीस्करपणे विसरलात. बिंदूवर बोटाने दाब देणं हा आमच्याकडे उपचारच आहे. असो. इथे माझी बाजू मांडायला आले नव्हते. वेलांटीला एवढंच सांगायचं होतं की स्पर्शाच्या उपचारात पूर्ण निष्क्रिय असं काही सापडत नाही. त्वचेला हात लावला की शरीर काहीतरी करतंच.

मणका पाचवा

'ज्यांच्यावर झाल्या' त्या वर्गात मी मोडतो. एका गोळीची चाचणी होती, जुनाट कंबरदुखीसाठीच. संमतिपत्रकात दुष्परिणामांची ऐसपैस यादी: मळमळ, तोंडाला कोरड, झोप येणं. ती वाचल्यावर पहिल्या आठवड्यात माणूस कंबर सोडून तोंडाकडेच लक्ष ठेवतो. बाहेर बाकड्यावर बसलेले आम्ही सगळे एकमेकांना विचारायचो, 'तुमचं तोंड कोरडं पडतं का?' ज्यांचं पडायचं त्यांचे चेहरे खुललेले. माझं ठणठणीत ओलं. मी घरी सांगून टाकलं की मला रिकामी गोळी आहे, आणि त्या दिवसापासून कंबर जास्तच दुखायला लागली.

शेवटी 'तुम्हाला काय मिळालं असं वाटतं?' हे कोणीही विचारलं नाही. काय मिळालं होतं हेही कळवलं नाही. त्याचा मला अजून राग आहे.

चष्मेबहाद्दर

@मणका पाचवा, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. वाचनखूण साठवली.

डॉ. टाका

मणका पाचवा यांनी बाकड्यावरून जे सांगितलं, ते आमच्या क्षेत्रातलं उघड गुपित आहे. मी भूलतज्ज्ञ आहे, वेदना-उपचारांत काम करतो.

ड्युलोक्सेटिन हे औषध घ्या. कंबरदुखीसाठी दिलं जातं, आणि मळमळ, कोरडं तोंड हे त्याचे ठरलेले त्रास. समोर खडूसारखी निष्क्रिय गोळी ठेवली तर थोड्याच दिवसांत बरेच जण ओळखतात. कागदावर चाचणी दुहेरी-अंध (कोणाला काय मिळालं ते रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही) असते, डोळे मात्र उघडे. उपाय आहे, त्याला सक्रिय प्लासिबो म्हणतात: वेदनेवर काम न करणारं पण तसलाच दुष्परिणाम देणारं औषध. गिलरॉन यांच्या २००५ सालच्या मॉर्फिन-गाबापेंटिन चाचणीत लोराझेपाम दिलं होतं, म्हणजे गुंगी सगळ्यांनाच. ती चाचणी नसांच्या दुखण्यावर होती, कंबरेवर नव्हे, पण युक्ती तीच. मग हे सर्रास का होत नाही? एक, निष्कारण दुष्परिणाम द्यायला समित्या कचरतात. दुसरं कारण कडू आहे: सक्रिय प्लासिबो ठेवला की औषधाचा फायदा लहान दिसण्याची शक्यता वाढते. पैसे घालणाऱ्याला ते कशाला हवंय?

अफूजन्य औषधांच्या कंबरदुखीवरच्या चाचण्यांत आणखी एक शक्कल असते. आधी सगळ्यांना खरं औषध द्यायचं. ज्यांना सोसतं आणि गुण येतो तेवढेच पुढे घ्यायचे. मग त्यांच्यातल्या अर्ध्यांचं औषध काढून प्लासिबो द्यायचा. आता ज्यांच्या शरीराला त्या औषधाची सवय झाली ते ओळखणार नाहीत का? शिवाय औषध सुटल्याचा त्रास 'दुखणं परतलं' म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. निकाल वाचताना नुसता 'प्लासिबोपेक्षा सरस' हा शब्द बघू नका, प्लासिबो कोणाला आणि कधी दिला ते बघा.

इंजेक्शनचीही गंमत सांगतो. मणक्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनसमोर प्लासिबो म्हणून त्याच जागी सलाईन देतात. पण तिथे ओतलेलं ३० मिली पाणी निष्क्रिय कशावरून? आजूबाजूची जागा धुऊन निघते, दाब बदलतो. नॉर्वेतल्या इव्हर्सन यांच्या गटाने २०११ साली याची सोय केली. कंबरेतून पायात उतरणारं जुनाट दुखणं असलेले ११६ रुग्ण, तीन गट: एकाला मणक्यात स्टेरॉइड आणि सलाईन, दुसऱ्याला मणक्यात नुसतं सलाईन, तिसऱ्याला सुई मणक्यापर्यंत न्यायचीच नाही, त्वचेखाली २ मिली सलाईन. तिन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. दोनच गट असते तर 'सलाईनही औषधच आहे हो' अशी पळवाट राहिली असती. तिसऱ्या गटाने ती बुजवली. मला हा आराखडा फार आवडतो.

नवा_आयडी

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. खोट्या शस्त्रक्रियाही करतात असं ऐकलंय. खरंच?

डॉ. टाका

खरंच. मोझली यांची गुडघ्याची चाचणी (२००२, १८० रुग्ण) गाजलेली आहे. काहींच्या गुडघ्यावर फक्त चिरे दिले, आत दुर्बीण घातलीच नाही. दोन वर्षं मागोवा घेतला, खरी शस्त्रक्रिया झालेले त्यांच्यापेक्षा बरे नव्हते.

पाठीचं उदाहरण व्हर्टिब्रोप्लास्टीचं. ठिसूळ होऊन दबलेल्या मणक्यात सिमेंट भरतात. २००९ साली दोन चाचण्या एकाच अंकात आल्या, बुखबाइंडर यांची ७८ रुग्णांची आणि कॅल्म्स यांची १३१ रुग्णांची. दोन्हींत सिमेंट लुटुपुटूपेक्षा सरस ठरलं नाही. लुटुपुटूच्या गटातही सिमेंटचा डबा उघडला होता, त्या उग्र वासाने रुग्णाला खात्री पटावी म्हणून!

मणका पाचवा

वासासाठी डबा उघडला? दंडवत.

मधली सुट्टी

हसून हसून पुरेवाट. उदबत्ती लावून भक्त गोळा करायची युक्ती शेवटी विज्ञानालाही सापडली.

शून्यगृहीतक

हसू नका, तो वास हाच त्या चाचणीचा कणा आहे. पण दोन गोष्टी नोंदवा. हे रुग्ण फ्रॅक्चरचे होते, वेलांटीच्या रुग्णांना फ्रॅक्चर नाही, तेव्हा निकाल इकडे ओढू नयेत. आणि कॅल्म्स यांच्या चाचणीत लुटुपुटूच्या गटाला हाडाच्या आवरणापाशी भूल दिली होती. टीकाकारांनी लगेच धरलं की तोच उपचार ठरला. सुईदोरा वर म्हणाल्या तेच, निष्क्रिय काही सापडत नाही.

अर्धविराम

थोडं अवांतर. एवढी लपवाछपवी हवीच कशाला? सांगून प्लासिबो देतात की. लिस्बनमध्ये कार्व्हालो आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना बाटलीवर चक्क 'प्लासिबो' लिहून गोळ्या दिल्या, तीन आठवडे. बाकीचे उपचार चालू होतेच. गोळ्यांच्या गटाचं नेहमीचं दुखणं ३० टक्के कमी, नुसत्या चालू उपचारांच्या गटाचं ९ टक्के.

कोरडा पाषाण

रिकाम्या गोळ्यांचं दुकान टाकायची वेळ आली म्हणायची. कंट्रोल गटाला काय दिलं? काही नाही. म्हणजे एका गटाला 'तुमच्यावर एक रंजक प्रयोग' आणि दुसऱ्याला 'तुमचं आहे ते चालू द्या'. वर शून्यगृहीतक यांनी हिरमोडाबद्दल लिहिलंय ते इथेही लावा.

शून्यगृहीतक

कोरडा पाषाण यांच्याशी सहमत (तारीख लिहून ठेवा). भर घालतो: २०१९ साली जर्मनीतल्या क्लाइने-बोर्गमान आणि इतरांनी असाच प्रयोग केला आणि सोबत पाठीची हालचालही यंत्राने मोजली. रुग्णांनी सांगितलेलं दुखणं कमी झालं, मोजलेली हालचाल बदलली नाही.

सुईदोरा

दुखणं म्हणजे रुग्ण सांगतो तेच की. पाठ किती अंश वाकते याच्याशी त्याला काय करायचंय? रात्री झोप लागली तर तो बरा.

कोरडा पाषाण

भिडेखातर सांगितलं असेल तर?

सुईदोरा

मग तुमचा सगळा वेदनाशास्त्राचा डोलाराच भिडेवर उभा आहे. गोळ्यांच्या चाचण्यांतही ० ते १० आकडा रुग्णच सांगतो.

अर्धविराम

अजून एक मजेशीर वापर. आशर आणि मंडळींची २०२२ सालची चाचणी, १५१ लोक. वेदनेकडे बघायची मेंदूची सवय बदलायची असा मानसोपचाराचा प्रकार. बोलण्याच्या उपचाराला लुटुपुटूचं रूप कसं द्यायचं? लुटुपुटूचं बोलणं म्हणजे नेमकं काय करायचं? त्यांनी दुसऱ्या गटाला पाठीत सलाईनचं इंजेक्शन दिलं, आणि हा प्लासिबो आहे हे सांगून दिलं. तिसरा गट चालू उपचारांचा. उपचार संपल्यावर दुखणं गेलेले किंवा जवळपास गेलेले ६६, २० आणि १० टक्के.

शून्यगृहीतक

आकडे डोळ्यांत भरतात, पण बघा, तासन्‌तास चाललेल्या बोलण्यासमोर एक सुई. आणि सगळ्यांना सगळं माहीत. वेलांटीच्या 'हात विरुद्ध यंत्र' या अडचणीचाच हा थोरला भाऊ.

चष्मेबहाद्दर

मी एका एथिक्स कमिटीत सामान्य नागरिक म्हणून बसतो (वैद्यकीय पदवी नाही), म्हणून त्या बाजूने थोडं.

हेलसिंकी जाहीरनाम्याच्या (माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं) २०१३ सालच्या आवृत्तीतलं ३३ वं कलम बघा. सिद्ध उपचार असेल तर नव्याची तुलना त्याच्याशी करा. प्लासिबो चालतो तो सिद्ध उपचार नसेल तर, किंवा शास्त्रीय पद्धतीच्या दृष्टीने सबळ कारण असेल आणि प्लासिबो मिळणाऱ्याला गंभीर किंवा कायमची इजा होण्याचा जादा धोका नसेल तर. २०२४ साली जाहीरनामा पुन्हा सुधारला, गाभा तोच. कंबरदुखीत प्लासिबोने कोणाचा जीव जात नाही म्हणून समित्या पटकन हो म्हणतात. पण 'इजा नाही' म्हणजे 'त्रास नाही' नव्हे. तीन महिने कंबर धरून बसायला लावणं हा त्रासच आहे. मी दर वेळी तीन गोष्टी विचारतो. नेहमीचा सल्ला आणि व्यायाम दोन्ही गटांना मिळणार का? असह्य झालं तर कोणती गोळी घ्यायची हे आधी ठरलंय का? आणि मणका पाचवा यांनी सांगितलं ते: शेवटी काय मिळालं ते कळवणार का?

पहिल्या मुद्द्याने प्रश्नही सुटसुटीत होतो. 'मोबिलायझेशन की काहीच नाही' याऐवजी 'सल्ला आणि व्यायामावर मोबिलायझेशनची भर घातली तर काही वाढतं का'. खऱ्या जगात रुग्णापुढचा प्रश्न हाच असतो.

वेलांटी

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. सुईदोराताई आणि पाषाणदादांचं भांडण वाचून गाईडना उत्तर द्यायची तयारी झाली 🙂

गाईडना विचारलं, बंद यंत्रच का. त्यांनी कोस्टा यांची २००९ सालची चाचणी पुढे ठेवली. जुनाट कंबरदुखी, १५४ रुग्ण, एका गटाला स्नायूंच्या नियंत्रणाचे व्यायाम, दुसऱ्याला बंद अल्ट्रासाऊंड आणि बंद शॉर्टवेव्ह (शेक देणारं यंत्र). चांगल्या नियतकालिकात आली, मग तुला काय अडचण, म्हणाले. आता?

शून्यगृहीतक

कोस्टा यांची अडचण वेगळी होती. रुग्ण स्वतः करतो त्या व्यायामाला लुटुपुटूचं रूप देणं जवळपास अशक्य. म्हणून त्यांनी निदान भेटींची संख्या आणि मिळणारं लक्ष सारखं ठेवलं. तुमच्याकडे पर्याय आहे, कारण तुमचा उपचार हाताचा आहे.

फ्रान्समधली ऑस्टिओपॅथीची (हाताने करायच्या उपचारांची एक पद्धत) चाचणी वाचा, न्गुएन आणि इतर, २०२१, ४०० रुग्ण. दर दोन आठवड्यांनी एक अशा सहा भेटी. लुटुपुटूच्या गटाला त्याच ठिकाणी, तितकाच वेळ, हलका स्पर्श. फरक निघाला तो खऱ्या उपचाराच्या बाजूने, पण इतका बारीक की रुग्णाला तो जाणवेल असं लेखकांनाही वाटलं नाही.

डॉ. टाका

बंद यंत्राच्या बाजूने एक शब्द. चालू अल्ट्रासाऊंडही अंगाला फारसा जाणवत नाही. त्यामुळे चालू-बंद ओळखू येत नाही, आणि प्रश्न 'अल्ट्रासाऊंड चालतं का' असा असता तर याहून चांगला प्लासिबो शोधून सापडला नसता. टेन्सचं (त्वचेवरून सौम्य विद्युत प्रवाह देणारं यंत्र) उलट, त्यात झिणझिण्या येतात. डेयो यांनी १९९० साली १४५ रुग्णांवर टेन्स तपासलं तेव्हा लुटुपुटूच्या यंत्राचा दिवा लुकलुकत होता, प्रवाह नव्हता. अलीकडे मणक्यात बसवायच्या विद्युत उपकरणाची तपासणी नॉर्वेत झाली (हारा, २०२२, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही पायात दुखणारे ५० रुग्ण). तिथे मुद्दाम जाणवणार नाही इतक्या कमी प्रवाहाची पद्धत निवडली, म्हणून काही महिने चालू, काही महिने बंद असं त्याच रुग्णात करता आलं. तपासायचा उपचार आणि प्लासिबो ही जोडी जमावी लागते. कोणाचा तरी चांगला प्लासिबो उचलून आपल्या चाचणीत लावला असं होत नाही.

अर्धविराम

वेलांटी, हलका स्पर्श घेतलात तर अडचण रुग्णाकडून येणार नाही, तुमच्याकडून येईल. हात तुमचा, आणि तुम्हाला माहीत आहे की आज खोटं करतोय. आवाजात, चेहऱ्यावर, 'कसं वाटतंय आता?' या प्रश्नाच्या सुरात ते उतरतं. मोजमाप करणारा वेगळा ठेवता येईल, उपचार करणारा अंध ठेवता येत नाही.

सुईदोरा

+१. काय बोलायचं ते लिहूनच ठेव. दोन्ही गटांत तीच वाक्यं, तोच वेळ, तीच बिंदूंची जागा. आणि स्वतः उपचार करूच नकोस, तुझं मन मोबिलायझेशनकडे आहे हे तुझ्या पहिल्या पोस्टमध्येच दिसतंय.

वेलांटी

🙈

ठीक आहे, हलका स्पर्श. तिसरा, नुसत्या सल्ला-व्यायामाचा गटही घ्यावा का? डॉक्टरसाहेबांनी सांगितलेला तीन गटांचा आराखडा मोहात पाडतोय. आणि रुग्णाने ओळखलं की नाही हे कधी विचारायचं? शेवटी?

शून्यगृहीतक

शेवटी नको. शेवटी विचारलंत तर बरा झालेला म्हणेल 'खरंच मिळालं', न झालेला म्हणेल 'खोटं'. मग तुम्ही मोजलेलं ते अंदाज नव्हे, गुण. पहिल्या एक-दोन भेटींनंतर विचारा, आणि दोन प्रकारे: हा उपचार किती पटण्यासारखा वाटतो (डेव्हिली आणि बोर्कोवेक यांची २००० सालची छोटी प्रश्नावली आहे), आणि कोणत्या गटात आहात असं वाटतं. दुसऱ्याच्या उत्तरांवर बँग निर्देशांक (लोकांनी आपला गट किती ओळखला त्याचं माप) काढता येतो, तोही प्रत्येक गटाचा वेगळा. मणका पाचवा यांच्या बाकड्यावर हे केलं असतं तर त्या चाचणीचं काय झालं ते सगळ्यांना दिसलं असतं.

तिसऱ्या गटाचं उत्तर पैशांत, म्हणजे रुग्णसंख्येत आहे. ० ते १० च्या मापावर लोकांत पसारा साधारण २ गुणांचा धरा. २ गुणांचा फरक पकडायचा तर गटात सुमारे १६ माणसं पुरतात. १ गुणाचा पकडायचा तर सुमारे ६३. (खरा फरक पकडण्याची ८० टक्के शक्यता, योगायोगाला फरक समजण्याची ५ टक्के मुभा, मध्येच सोडून जाणारे वेगळे.) आता मेख अशी की कंट्रोल जितका चांगला तितका फरक लहान. काहीच न मिळालेल्या गटाशी तुलना केली तर २ गुण दिसतीलही. हलक्या स्पर्शाशी केली तर १ मिळाला तरी नशीब. म्हणजे चांगला प्लासिबो निवडल्याची किंमत चौपट रुग्ण. प्रबंधात किती जमतील?

वेलांटी

साठ-सत्तर. एकूण.

शून्यगृहीतक

मग तिसरा गट विसरा. दोन गटांतसुद्धा दमछाक आहे. खरं सांगू? एवढ्या संख्येत 'मोबिलायझेशन चालतं का' याचा निकाल लागणार नाही. पण 'हलका स्पर्श हा रुग्णांना खरा वाटतो का, आणि किती जणांना' हा प्रश्न साठ जणांत नीट तपासता येईल. तो प्रबंध पुढच्या माणसाच्या कामाचा ठरेल.

कोरडा पाषाण

हे मात्र पटलं. प्लासिबोचीच चाचणी.

वेलांटी

मी दोन दिवस यावरच विचार करत होते. गाईडना काल सांगितलं, चेहरा आंबट झाला, पण नाही म्हणाले नाहीत. संमतिपत्रकात काय लिहायचं? 'दोन प्रकारचे हाताचे उपचार' एवढंच लिहिलं तर चालेल?

चष्मेबहाद्दर

आमच्या समितीत चालणार नाही. एका गटाला परिणाम अपेक्षित नसलेला उपचार मिळेल, हे साध्या शब्दांत हवं. कोणता कसा दिसतो ते लिहायची गरज नाही. दोघांच्या संभाव्य त्रासांची यादी एकच ठेवा, म्हणजे कोणी यादीवरून ओळखत बसणार नाही. आणि शेवटी गट कळवण्याची तारीख पत्रकातच छापा.

मणका पाचवा

शेवटच्या वाक्याला माझ्याकडून अनुमोदन, दोन्ही हात वर करून. (कंबर परवानगी देईल तेवढे.)

शून्यगृहीतक

आणि चाचणीची जाहीर नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी. मुख्य मोजमाप एकच लिहा.

वेलांटी

एकच? गाईड सात म्हणताहेत.

शून्यगृहीतक

सहांना दुय्यम म्हणा. गाईडही खूश, तुम्हीही.